बालवाडीत खेळ कशासाठी?

"बालवाडीत मुलांना नुसते खेळवतात, शिकवत काहीच नाहीत," ही तक्रार विहारातील बालवाडीचे काम आम्ही पाहू लागलो त्या दिवसापासून ऐकत आलो आहोत. तक्रार करणारे पालक आपलेच, कष्टकरी आहेत. त्यांचा हेतू वाईट नाही. 'शिका' हा परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आदेश त्यांनी मनावर घेतला आहे, म्हणून तर ते विचारतात. शिकणे म्हणजे पाटी, वही आणि पाठांतर अशी समजूत आपल्या समाजात रुजलेली आहे. त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाची वही कोरी दिसली की आईबापांच्या पोटात गोळा येतो.

धुणीभांडी करून संसार चालविणारी एक माउली एके दिवशी आमच्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, शेजारच्या पोरीची वही भरली. माझा पोरगा रोज हात मातीनं भरून घरी येतो. मातीत तर आमच्या तीन पिढ्या गेल्या. आता त्यानंपण मातीच करायची का?" त्या वेळी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. काहीतरी बोलून आम्ही वेळ मारून नेली. पुढच्या महिन्यात तिने मुलाला काढून जवळच्या एका इंग्रजी शिशुवर्गात घातले. तिचा प्रश्न मात्र आमच्याजवळ राहिला. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

धम्मात खेळाचे स्थान

काही उपासक म्हणतात, धम्म हा गंभीर विषय आहे, विहारात खेळ कशाला? त्यांनी मज्झिम निकायातील महातण्हासंखय सुत्त अवश्य पाहावे. माणसाचा जन्म आणि वाढ कशी होते हे तेथे तथागतांनी क्रमाने सांगितले आहे. मूल वाढू लागते, त्याची इंद्रिये पक्व होऊ लागतात, तेव्हा ते खेळण्यातल्या नांगराशी खेळते, विटीदांडूसारखा खेळ खेळते, कोलांट्या मारते, पानाचे भिरभिरे फिरविते, खेळण्यातली मापे, गाडी आणि धनुष्य घेऊन खेळते, असे तेथे वर्णन आहे. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी खेळ हा वाढीचा एक स्वाभाविक टप्पा म्हणून नोंदविला गेला. दीघ निकायातील ब्रह्मजाल सुत्तातही खेळांची यादी आहे. तेथे भिक्खूंनी ज्या गोष्टींपासून दूर राहावे त्यांत खेळ मोजले आहेत. हा नियम घर सोडलेल्या प्रौढ भिक्खूंसाठी आहे, लेकरांसाठी नव्हे. त्याच यादीत हवेत किंवा पाठीवर बोटाने काढलेले अक्षर ओळखण्याचा खेळ आहे. आमच्या मोठ्या गटातील मुले हा खेळ आजही आवडीने खेळतात.

तथागतांची शिकविण्याची रीतही पाहावी. राहुल लहान असताना खोटे बोलण्यातील हानी त्याला समजावयाची होती. तथागतांनी त्याच्यापुढे व्याख्यान दिले नाही. पाय धुतल्यावर भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवले आणि ते त्याला दाखविले. मग ते पाणी फेकून दिले. मग भांडे पालथे घातले. मग उताणे करून रिकामे भांडे दाखविले. जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याला लाज नसेल तर त्याचे श्रमणत्व असेच थोडे, असेच फेकलेले, असेच पालथे आणि रिकामे होते, हे राहुलला डोळ्यांनी दिसले. पुढे आरशाची उपमा देऊन प्रत्येक कृती पारखून करावी, असे सांगितले. सम्राट अशोकाने आपल्या भाब्रू शिलालेखात ज्या थोड्या उपदेशांची नावे घेतली, त्यांत राहुलास केलेला हा उपदेश आहे.

दुसरे उदाहरण चुल्लपंथकाचे. चार महिने घोकूनही त्याला एक गाथा पाठ होईना. थोरल्या भावाने त्याला परत जाण्यास सांगितले. तथागतांनी मात्र त्याच्या हाती एक स्वच्छ वस्त्र दिले आणि ते चोळत बसण्यास सांगितले. चोळता चोळता वस्त्र मळले आणि अनित्यता म्हणजे काय हे त्याला उमगले. पाठांतराने जे बंद राहिले ते हाताच्या अनुभवाने उघडले. आपल्या वस्तीतील ज्या मुलांवर 'ढ' असा शिक्का बसतो, त्यांच्या पालकांनी ही कथा पुन्हा पुन्हा आठवावी.

खेळताना मूल काय शिकते?

येथे प्रत्येक पालकाने घरी करून पाहावा असा एक प्रयोग देतो. चार वर्षांच्या मुलासमोर चिंचोक्यांच्या दोन ओळी मांडा. दोन्ही ओळींत सहा-सहा चिंचोके समोरासमोर ठेवा. दोन्ही सारखे आहेत असे मूल म्हणेल. आता एका ओळीतील चिंचोके त्याच्या देखत लांब लांब सरकवा आणि विचारा, "आता जास्त कुठे?" बहुतेक मुले लांब ओळीकडे बोट दाखवितात. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (१८९६-१९८०) यांनी असे प्रयोग करून दाखविले, की या वयात अंकांची नावे येणे आणि संख्या समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे मूल शंभरपर्यंत घडाघडा म्हणते तेही या प्रयोगात चुकू शकते. संख्या समजते ती वस्तू मांडून, वाटून, जुळवून आणि पुन्हा मोजून. भातुकलीत पाच जणांना पाच वाट्या देताना एक कमी पडली की मूल जे शिकते, ते वहीत पाच हा अंक पन्नास वेळा गिरवून येत नाही.

काठीला घोडा मानून दौडणारे मूल आपण रोज पाहतो. रशियातील मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांनी त्यातील मर्म सांगितले. काठी ही घोडा नाही हे मुलाला ठाऊक असते, तरी ते एका वस्तूच्या जागी दुसरी वस्तू मानते. 'क' हे अक्षरही शेवटी कागदावरील रेघच आहे आणि ती एका ध्वनीच्या जागी उभी आहे. काठीचा घोडा करता येणे ही वाचनाकडे जाणारी पहिली पायरी आहे.

आपला 'तळ्यात-मळ्यात' हा खेळ घ्या. बाई 'मळ्यात' म्हणेपर्यंत उडी रोखून धरावी लागते, कान उघडे ठेवावे लागतात, आणि बाईंनी फसविण्यासाठी दोनदा 'तळ्यात' म्हटले तर स्वतःला आवरावे लागते. ऐकणे, लक्षात ठेवणे आणि मनाला आवर घालणे या तीन शक्तींवर पुढचे सारे शालेय शिक्षण उभे असते. मोठ्या माणसाला ध्यानाच्या अभ्यासाने जे साधावयाचे त्याची लहानग्यांना झेपेल अशी सुरुवात या खेळात होते, असे आम्हाला वाटते.

आता लिहिण्याविषयी. मनगटातील आठ लहान हाडे जन्मतः कूर्चेची असतात आणि पुढे कित्येक वर्षे एकामागून एक कठीण होत जातात. बोटांच्या बारीक स्नायूंवरचा ताबाही हळूहळू येतो. माती मळणे, कागद फाडणे, मणी ओवणे, वाळूत बोटाने रेघा काढणे, पाण्याने फरशीवर रंगविणे ही सारी लिहिण्याचीच तयारी आहे. ती न करता तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन पान भरून घेतले तर बोटे दुखतात आणि अक्षराविषयी नावड तयार होते.

आमच्या आधी ज्यांनी वाट केली

हा विचार नवा नाही. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ साली लहान मुलांसाठी खेळ आणि कृती यांवर आधारलेली संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग असे नाव दिले. आज ज्या वर्गात हलूसुद्धा दिले जात नाही त्यावरही 'के. जी.' अशी पाटी असते, हा त्या नावाचा विपर्यासच म्हणावा लागेल. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह काढले ते सॅन लोरेन्झो या गरीब कामगारांच्या वस्तीत. अमेरिकेत जॉन ड्यूई यांनी १८९६ साली शिकागोत प्रयोगशाळा काढून करण्यातून शिकण्याचा पुरस्कार केला. हेच प्राध्यापक ड्यूई पुढे कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे गुरू होते. शिक्षण आणि लोकशाही यांचा संबंध सांगणारा त्यांचा ग्रंथ १९१६ साली निघाला. बाबासाहेबांच्या कोलंबियातील वास्तव्याची ती अखेरची वेळ. तेव्हा कृतीतून शिक्षण हा विचार आपल्याला परका मानण्याचे कारण नाही.

आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) तेथे त्यांच्यासोबत काम करीत. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. महागडी परदेशी साधने खेड्यात परवडणार नाहीत हे ओळखून ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे केंद्र काढले. अनुताई वाघ (१९१०-१९९२) त्यांना तेथे येऊन मिळाल्या. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली आणि त्यातून 'अंगणवाडी' ही कल्पना रुजली. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील वारली मुलांमध्ये त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे यांतून गणित व भाषा शिकविली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले.

वंचितांच्या मुलांना खेळ परवडतो काय?

"खेळ श्रीमंतांच्या मुलांना शोभतो, आमच्या मुलांनी लवकर अभ्यासाला लागले पाहिजे," असेही ऐकू येते. अमेरिकेतील आपल्यासारख्याच पिचलेल्या समाजाचा अनुभव याच्या उलट आहे. मिशिगन राज्यातील इप्सिलान्टी गावी १९६२ ते १९६७ या काळात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील तीन-चार वर्षांच्या १२३ मुलांवर एक अभ्यास झाला. ५८ मुलांना बालशाळेत घेतले, ६५ मुले तशीच राहिली. बालशाळेत रोज सकाळी सुमारे अडीच तास मुले स्वतः काय करणार ते ठरवीत, ते करीत, आणि काय केले ते सांगत. शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी जाऊन आईला भेटत. ही मुले चाळीस वर्षांची होईपर्यंत त्यांची माहिती ठेवली गेली. शालान्त शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण बालशाळेतील गटात ६५ टक्के, तर दुसऱ्या गटात ४५ टक्के निघाले. पहिल्या गटाची कमाई जास्त होती आणि अटक होण्याचे प्रसंग कमी होते. मुलांची संख्या लहान होती हे खरे आणि केवळ खेळामुळे हे सारे झाले असेही म्हणता येणार नाही. चांगल्या शिक्षिका आणि घरभेटी यांचाही त्यात वाटा होता. परंतु गरिबाच्या मुलाला खेळून शिकविल्याने ते मागे पडते, ही भीती निराधार आहे एवढे त्यावरून निश्चित दिसते.

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या पिढ्या मातीत गेल्या त्या दुसऱ्याच्या हुकमाने. माती तीच, पण तिचे काय करावयाचे हे ठरविण्याचा अधिकार आपल्याला नव्हता. बालवाडीतले मूल त्याच मातीचे घर करते, मोडते, पुन्हा करते. तेथे ते कोणाचे चाकर नसते. सातारच्या शाळेत बालपणी बाबासाहेबांना वर्गात वेगळे, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागले आणि पाण्याच्या भांड्याला हात लावण्याची मुभा नव्हती. ज्या समाजाच्या मुलांना वस्तूला स्पर्श करण्याचीही बंदी होती, त्या समाजाच्या बालवाडीत मुलांनी सर्व वस्तूंना हात लावावा, एकाच घंगाळातल्या पाण्यात सर्वांनी हात बुडवावेत, याला आम्ही फार मोठा अर्थ मानतो.

आमचा दिवसाचा आराखडा

इतर ठिकाणच्या कार्यकर्त्यांना उपयोग व्हावा म्हणून आमच्या तीन तासांच्या बालवाडीचा क्रम देत आहोत.

१) स्वागत, हातपाय धुणे व लहानशी वंदना : २० मिनिटे. त्रिशरण सर्वांनी मिळून म्हणावे. कोणालाही एकट्याने उभे करून पाठ म्हणून घेऊ नये.

२) गप्पा : २० मिनिटे. काल घरी काय झाले, वाटेत काय दिसले ते मुलांनी आपल्या घरच्या बोलीत सांगावे. बाईंनी बोली सुधारत बसू नये.

३) मुक्त खेळ : ४५ मिनिटे. भातुकली, ठोकळे, वाळू-पाणी, माती आणि चित्रे असे कोपरे मांडावेत. कोठे खेळायचे ते मुलाने ठरवावे.

४) खाऊ : २५ मिनिटे. वाटप मुलांनीच करावे. मोजणीचा हाच उत्तम पाठ होय.

५) मैदानी खेळ : ३० मिनिटे. तळ्यात-मळ्यात, शिवणापाणी, आंधळी कोशिंबीर, मामाचं पत्र हरवलं.

६) गोष्ट, बडबडगीत किंवा जातककथेचे नाट्य : २५ मिनिटे.

७) आवराआवर व निरोप : १५ मिनिटे. प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवणे हाही वर्गीकरणाचा अभ्यास आहे.

साहित्याला फारसा पैसा लागत नाही. बाटल्यांची झाकणे, नारळाच्या करवंट्या, सुताराकडील गुळगुळीत केलेले लाकडाचे तुकडे, शिंप्याकडील चिंध्या, जुन्या लग्नपत्रिका, पाने, शंख-शिंपले आणि वाळूची एक पेटी पुरे. चिंचोके, मणी यांसारख्या बारीक वस्तू मात्र नाकातोंडात जाण्याची भीती असते. त्या मोठ्या गटालाच, बाईंच्या नजरेसमोर द्याव्यात.

खेळ म्हणजे मुलांना मोकळे सोडून बाईंनी स्वेटर विणत बसणे नव्हे. खेळ मांडणे, कोण काय करतो ते पाहणे, योग्य वेळी एखादा प्रश्न विचारणे आणि गरज नसेल तेव्हा गप्प राहणे हे कौशल्याचे काम आहे. "हे काय काढलेस?" यापेक्षा "याची गोष्ट सांगतोस का?" असे विचारले की मूल बोलू लागते. प्रत्येक मुलाविषयी आठवड्याला दोन ओळी नोंदवून ठेवाव्यात. पालक वही मागतील तेव्हा ही नोंदवही दाखविता येते.

पंचशीलाचा पहिला परिचयही येथेच होतो. दुसऱ्याचा ठोकळा न विचारता घ्यायचा नाही, मुंगीला चिरडायचे नाही, मडके माझ्या हातून फुटले हे खरे सांगायचे, हे सारे वाळूच्या पेटीपाशी रोज घडते. येथे आमची एक चूकही कबूल केली पाहिजे. भीमजयंतीच्या कार्यक्रमात आम्ही चार वर्षांच्या मुलांची पंचशील पाठांतराची स्पर्धा घेत असू. एका वर्षी मंचावर एक मुलगी शब्द विसरली, सभा हसली आणि ती रडत खाली उतरली. त्यानंतर कित्येक दिवस तिने बालवाडीत तोंड उघडले नाही. आम्ही ती स्पर्धा बंद केली. आता मुले त्या दिवशी राहुलाची गोष्ट भांडे घेऊन करून दाखवितात. त्यात कोणी पहिला नसतो आणि कोणी नापास होत नाही.

इंग्रजीचे काय?

इंग्रजी आपल्या मुलांना आलेच पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. बाबासाहेबांनी जगातील ज्ञान इंग्रजीतून मिळविले. परंतु ज्या भाषेत मूल रडते, हट्ट करते आणि स्वप्ने पाहते तिचा पाया पक्का असेल तर दुसरी भाषा त्यावर चांगली बसते. बालवाडीत इंग्रजी गाणी, वस्तूंची नावे आणि खेळातील सूचना खुशाल असाव्यात. न समजणारी वाक्ये गिरवून घेणे हे इंग्रजी शिक्षण नव्हे.

पालकांस विनंती

सरकारी धोरणही आज याच दिशेचे आहे. प्रा. यशपाल समितीने १९९३ सालीच शिशुवर्गाच्या प्रवेशासाठी चाचण्या व मुलाखती घेऊ नयेत असे म्हटले होते. २००२ सालच्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालील सर्व बालकांच्या संगोपन व शिक्षणाची तरतूद करण्याचा प्रयत्न राज्य करील, असे कलम ४५ मध्ये नमूद केले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाळणी लावण्यास मनाई केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत टप्पा मानून खेळ व कृती यांवर भर दिला, आणि २०२२ साली त्या टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध झाला. कागदावर लिहिलेले वस्तीत उतरविणे हे मात्र आपलेच काम आहे.

म्हणून पालक बंधू-भगिनींना आमची विनंती आहे. मूल घरी आले की "आज काय लिहिलेस?" असे विचारू नका. "आज कोणाबरोबर खेळलास? काय केलेस? मग काय झाले?" असे विचारा आणि त्याचे उत्तर संपेपर्यंत ऐका. पिठाचा गोळा त्याच्या हाती द्या. शेंगा सोलताना त्याला मोजू द्या. रात्री दहा मिनिटे मोबाइल बाजूला ठेवून एक गोष्ट सांगा. आपल्याला वाचता येत नसेल तरी गोष्ट सांगता येते.

प्रश्न विचारून गेलेली ती माउली पुन्हा बालवाडीत आली नाही. तिच्यामुळे एक गोष्ट मात्र आम्ही सुरू केली. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आईवडिलांनी विहाराच्या अंगणात येऊन मुलांसोबत तासभर खेळायचे. पहिल्या रविवारी चौघीजणीच आल्या आणि त्याही संकोचून कडेला बसल्या. मग एकीने वाळूत हात घातला. "आम्हाला लहानपणी कोणी खेळूच दिलं नाही," असे ती म्हणाली आणि मुलीसोबत घर बांधू लागली. त्या तासाने आम्हाला जे शिकविले ते कोणत्याही पुस्तकात मिळाले नसते. हिरावून घेतलेले बालपण आईबापांना परत देता येत नाही. त्यांच्या लेकरांचे मात्र आपण राखू शकतो. समाजातील प्रत्येक विहाराच्या अंगणात एक बालवाडी असावी आणि तीत मुलांचा गलबला असावा, हीच या स्मरणिकेच्या निमित्ताने आमची मंगल कामना.

सर्वांचे कल्याण होवो. जयभीम! नमो बुद्धाय!